नालीतून बांधीत: शहराच्या सांडपाण्यात जड धातू येतात कुठून?

जुन्या बाजारपेठांत सराफा लाइनच्या नालीतला गाळ कुणी कचरा समजत नाही. पेढीवर कानस चालते, डाग म्हणजे दागिने घासतात, झिलई देतात. सोन्याचे बारीक कण हातांना, केराला, धुण्याच्या पाण्याला लागून नालीत उतरतात. दुकाने उघडण्याआधी झारेकरी येतो, नालीचा तळ खरवडतो आणि तो गाळ पाटीत धुऊन त्यातून सोने काढतो. नदीची वाळू धुऊन सोने वेचणारे वैनगंगेच्या खोऱ्यातले सोनझरी पिढ्यानपिढ्या याच जातीचे काम करत आले. झारेकऱ्याला रसायनशास्त्र येत नसेल, पण एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक असते: वरच्या पाण्यात हात घालून काही मिळत नाही, माल तळाला असतो.

शहराच्या सांडपाण्यात शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा हे धातू येतात कुठून आणि जातात कुठे, हे शोधायचे तर झारेकऱ्याचीच रीत कामाला येते. ती आपण गोंदियाला लावून पाहू. गोंदियाला अशासाठी की इथे एकाकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही. कानपूरला चामड्याचे कारखाने आहेत, त्यांच्या नाल्यात क्रोमियम सापडले तर कुणाला नवल वाटत नाही. गोंदियाची ओळख राईस मिलची, विडीची, लाखेची आणि रेल्वे जंक्शनची. अशा गावात धातू येतो तो चिमटीचिमटीने, शेकडो ठिकाणांहून. आणि गावाची वेस ओलांडली की लगेच धानाच्या बांध्या लागतात, म्हणजे नालीतले पाणी आणि ताटातला भात यांच्यात फारसे अंतर राहत नाही.

उताराची दिशा आधी डोळ्यांसमोर आणू. गोंदियाच्या नाल्या पांगोलीकडे वाहतात. गोरेगाव तालुक्यातून येणारी ही छोटी नदी बाघ नदीला मिळते आणि बाघ वैनगंगेला. वैनगंगा पुढे भंडारा जिल्ह्यातून जाते, अंभोऱ्याला तिला कन्हान भेटते. कन्हानमधून नागपूरच्या नाग नदीचे सांडपाणी आलेले असते. हे सगळे मिळून गोसेखुर्दच्या जलाशयात थांबते. वाहते पाणी थांबले की गाळ खाली बसतो, आणि गाळाबरोबर त्याला चिकटलेले सगळे.

कुजणारी घाण आणि न कुजणारी

सांडपाण्यातली बहुतेक घाण कुजणारी असते. मैला, खरकटे, साबण, पिठूर पाणी यांवर जिवाणू तुटून पडतात. पुरेशी हवा आणि वेळ मिळाला की त्याचे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडा गाळ होतो. धातूचे तसे नाही. शिसे हे मूलद्रव्य आहे. त्याला जिवाणू फोडू शकत नाहीत, ऊन विरवू शकत नाही, ते उकळून जात नाही. ते एका संयुगातून दुसऱ्यात जाते, पाण्यातून गाळात, गाळातून मुळात, पण शिल्लक राहतेच.

जड धातूंचे दोन गट करावेत. जस्त आणि तांबे शरीराला थोडे लागतात. जास्त झाले तर मासे आणि शेवाळाला आधी बाधतात, माणसाला उशिरा. शिसे, कॅडमियम आणि पारा शरीराला कणभरही लागत नाहीत. शिसे मुलांच्या मेंदूवर आणि रक्तावर परिणाम करते, कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठत जाते, पारा मज्जासंस्था बिघडवतो. आर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, पण वागणूक तशीच म्हणून तेही याच यादीत धरतात. क्रोमियमची गंमत वेगळी. त्याचे त्रिसंयुजी रूप गाळात गुमान बसते, षट्संयुजी रूप पाण्यात सहज विरघळते आणि कर्करोगकारक असते.

मात्रा किती लहान असते ते पाहा. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३ आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम आहे. हिशेब मांडला तर एक ग्रॅम शिसे पूर्ण विरघळले असे धरल्यास एक लाख लिटर पाणी मर्यादेच्या काठावर आणते. एक ग्रॅम पारा दहा लाख लिटर. प्रत्यक्षात सगळे विरघळत नाही, पण चिमूटभर धातूला इतके महत्त्व का, हे यातून कळते.

वास येतो त्याचा दोष किती?

गोंदियात पाण्याच्या प्रदूषणाचा विषय निघाला की पहिले नाव राईस मिलचे येते. उष्णा तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये धान गरम पाण्यात भिजत घालतात, मग वाफवतात, सुकवतात आणि सडतात. भिजवणीच्या हौदातले पाणी सोडले की त्यात स्टार्च, साखर आणि तुसातून उतरलेली द्रव्ये असतात. ते पिवळसर असते, आंबते, दर्प मारते आणि नाल्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मासे मरतात ते प्राणवायू संपल्यामुळे. प्रश्न खरा आहे आणि त्यावर प्रक्रिया हवीच. पण त्या पाण्यात जड धातू नावापुरते असतात.

इथे नाक फसवते. ज्या पाण्याला वास येतो त्याची तक्रार होते, बातमी होते. शिशाला वास नसतो, कॅडमियमला रंग नसतो. बॅटरीच्या दुकानातून सोडलेले आम्लाचे पाणी स्वच्छ दिसते, बादलीभरच असते आणि दोन मिनिटांत नालीत नाहीसे होते. दोन्ही घाणींचे एक नाते मात्र आहे. मिलच्या आणि घरांच्या पाण्याने नालीतला प्राणवायू संपला की तळाच्या गाळात धातू बांधून ठेवणारी परिस्थिती तयार होते. त्याकडे पुढे येऊ.

दुकानादुकानातून

पहिला मोठा दाता बॅटरी. इन्व्हर्टर, ट्रॅक्टर, दुचाकी, ई-रिक्षा यांतल्या बहुतेकांत शिसे-आम्लाची बॅटरी असते. तिच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग शिसे आणि शिशाची संयुगे असतात. बाकी प्लास्टिकचा डबा आणि पातळ गंधकाम्ल. बॅटरी जुनी होते तशी प्लेटांवरची भुकटी झडून डब्याच्या तळाशी राखाडी चिखल साचतो. तो लेड सल्फेट आणि लेड ऑक्साइडचा असतो. मिस्त्री दुरुस्तीला बॅटरी उघडतो तेव्हा आधी आम्ल ओतून देतो, मग डबा उलटा करून पाण्याने खळखळून धुतो. तो राखाडी चिखल सरळ नालीत. भंगारवाला वजनावर पैसे देतो आणि आम्ल वजनात धरत नाही, म्हणून तोही डबा रिकामा करूनच घेतो. हा व्यवहार असाच चालत आला आहे. बॅटरीच्या कचऱ्याबाबत २००१ चे आणि मग २०२२ चे नियम आहेत, त्यांत जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण कोपऱ्यावरच्या दुकानातली ती एक बादली त्या कागदांत नेमकी निसटते.

दुसरा दाता सराफा. जुना डाग मोडून शुद्ध सोने काढायचे तर त्यातले तांबे आणि चांदी वेगळी करावी लागते. हे काम करणारे गलाईवाले देशभरच्या सराफ्यांत सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातून गेलेले आहेत. मिश्रधातू तेजाबात, म्हणजे नत्राम्लात, टाकला की चांदी आणि तांबे विरघळतात, सोने तसेच राहते. मग त्या द्रावात तांब्याची पट्टी सोडतात. तांबे स्वतः विरघळते आणि चांदी राखाडी भुकटी होऊन खाली बसते. चांदी हाती आली, सोने हाती आले, मागे उरले ते मोरपंखी निळे पाणी. तो तांब्याचा नायट्रेट. त्याला बाजारात किंमत नाही, म्हणून तो नालीत जातो. सराफा लाइनच्या नालीत कधीतरी दहा मिनिटे निळे पाणी वाहते ते हेच.

सोन्याच्या जोडकामाची गोष्ट आणखी वेगळी. ‘केडीएम’ म्हणून विकल्या गेलेल्या दागिन्यांत डाक देण्यासाठी कॅडमियम वापरत. ते ३२१ अंशांना वितळते आणि ७६७ अंशांना उकळते, म्हणून जोड सुबक येतो, पण फुंकणीसमोर बसलेल्या कारागिराच्या छातीत धूर जातो. आता त्याच्या जागी जस्तासारखे दुसरे धातू वापरायला सांगितले जाते. जुने दागिने मोडीत येतात तेव्हा मात्र ते कॅडमियम पुन्हा भट्टीत, आणि भट्टीची राख व धुणावळ पुन्हा नालीत उतरते. गिलिटाच्या दागिन्यांवर मुलामा देणाऱ्या छोट्या टाक्यांतून निकेल आणि क्रोमियम येते, कधी सायनाइडही.

पितळेचे कामही याच रांगेतले. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी ओळखले जाते आणि १ मे १९९९ ला जिल्हा वेगळा होईपर्यंत गोंदिया भंडाऱ्यातच होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कातकामाला सोपे जावे म्हणून त्यात थोडे शिसेही घालतात. भांडे घडवल्यावर आम्लात बुडवून उजळ करतात. आम्लाच्या त्या पाण्यात तिन्ही धातू उतरतात. कल्हईचे कथिल भेसळीचे असेल तर शिसे भांड्यातच लागते.

गॅरेज आणि धुलाई केंद्रांचे पाणी तेलकट म्हणून ओळखू येते. वंगणतेलात जस्ताचे संयुग मुद्दाम घातलेले असते, ब्रेकच्या पट्ट्यांत तांबे असते, रेडिएटरच्या जोडात शिशाचा डाक. गाडी धुतली की हे सगळे एका फवाऱ्यात खाली येते.

दवाखान्यांत पाऱ्याचा हिस्सा कमी होत चालला आहे, पण संपलेला नाही. एका तापमापकात साधारण अर्धा ते दीड ग्रॅम पारा असतो. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या उभ्या यंत्रात ऐंशी ग्रॅमच्या पुढे. तापमापक फुटला आणि गोळ्या मोरीत ढकलल्या की विषय मिटतो असे वाटते. दातात भरण्याच्या चांदीत निम्मा पारा असतो, आणि जुनी भरण कोरून काढताना तो चूळ भरण्याच्या भांड्यातून जातो. एक्स-रेच्या फिल्म धुण्याच्या द्रावातून चांदी येत असे. डिजिटल यंत्रांनी तो प्रवाह आटवला.

घरातून आणि आभाळातून

दुकानांवर सगळे ढकलता येत नाही. घरातल्या सांडपाण्यात जस्त आणि तांब्याचा सर्वांत मोठा वाटा मैल्याचा असतो, कारण अन्नातून घेतलेल्या या धातूंचा बराच भाग शरीर बाहेर टाकते. चिंच किंवा लिंबू लावून तांब्या-पितळेचे देव उजळले की निघणारे हिरवट पाणी म्हणजे विरघळलेले तांबेच. शेंदरात शिशाचे ऑक्साइड असू शकते, काही सुरम्यांत शिशाचे सल्फाइड. जुन्या पिवळ्या आणि नारिंगी ऑइलपेंटमध्ये लेड क्रोमेट असे. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमच्या आत हवे, हा नियम २०१६ चा. त्याआधी रंगवलेल्या खिडक्या पॉलिश कागदाने घासल्या जातात तेव्हा ती भुकटी अंगणातून नालीत जाते. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल आणि गणपतीच्या मूर्ती झगमगीत रंगांत असतात. रंग कुठला आहे त्यावर बोडीत, म्हणजे गावतळ्यात, काय उतरणार हे ठरते.

पावसाचा वाटाही मोठा. गोंदियात वर्षाला सव्वा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बराचसा टिनाच्या छपरांवर. टिन म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, ते दरवर्षी त्या मुलाम्याचा पातळ थर विरघळवून नेते. जस्तासोबत अशुद्धी म्हणून कणभर कॅडमियमही असते. पॅरिसची छपरे जस्ताच्या पत्र्याची आहेत आणि तिथल्या पावसाळी गटारांत जस्ताचा मोठा हिस्सा छपरांवरूनच येतो, हे तिथल्या संशोधकांनी मोजून दाखवले. रस्त्यावर टायर झिजतो, त्या रबरात जस्ताचे ऑक्साइड असते. पेट्रोलमधले शिसे २००० साली बंद झाले, पण त्याआधी रस्त्याकडेच्या मातीत बसलेले शिसे अजून तिथेच आहे. रस्ता खणला, नाली रुंद केली की ते पुन्हा प्रवासाला निघते.

पाण्यातून गाळात

आता मघाचा धागा. विरघळलेला धातू नालीत आला की त्याला तीन गोष्टी धरतात. पहिली चिकणमाती. तिच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, धातूंच्या आयनांवर धन, म्हणून ते चिकटतात. दुसरी कुजका सेंद्रिय गाळ. त्यातली आम्ले तांब्याला आणि शिशाला घट्ट पकडतात. तिसरी गोष्ट नालीच्या तळाच्या काळ्या रंगात दिसते. प्राणवायू संपला की काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटचा सल्फाइड करतात. लोखंडाशी त्याचा संयोग होऊन गाळ काळा पडतो, आणि शिसे, कॅडमियम, जस्त, तांबेही सल्फाइड होऊन त्यात अडकतात. या रूपात ते जवळजवळ विरघळतच नाहीत. सांडलेली घाण स्वतःच धातूला कुलूप लावते.

कुलूप उघडते ते आपणच. दरवर्षी पावसाळ्याआधी नालीसफाई होते. फावड्याने काळा गाळ उपसतात आणि काठावरच ढीग लावतात, वाळला की उचलू म्हणून. एप्रिल-मेच्या उन्हात त्याला हवा लागते, काळा गाळ तपकिरी होत जातो. हा रंगबदल म्हणजे सल्फाइडचे सल्फेट होणे. त्यात थोडे आम्ल तयार होते आणि बांधलेले धातू सुटे होतात. ढीग उचलायचा राहिला आणि मृगाचा पाऊस आला की सुटा झालेला धातू परत नालीत, या खेपेला विरघळलेल्या आणि वनस्पतींना सहज घेता येईल अशा रूपात. जो ढीग उचलला जातो तोही पुष्कळदा खोलगट जागा भरायला किंवा खत म्हणून शेताला जातो.

पारा याला अपवाद. प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू त्याचे मिथाइल पारा बनवतात, तो माशांच्या अंगात साठत जातो आणि मोठ्या माशांत जास्त सापडतो.

प्रक्रिया प्रकल्प काय करतो आणि काय नाही

सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प झाला की प्रश्न सुटला, अशी समजूत आहे. असा प्रकल्प मुळात कुजणारी घाण कुजवण्यासाठी बांधलेला असतो. हवा देतात, जिवाणू वाढतात, त्यांचे पुंजके तळाला बसतात. त्या पुंजक्यांना शिसे, तांबे, कॅडमियम चिकटून खाली जातात. निकेल बरेचसे पाण्याबरोबर निसटते. म्हणजे बाहेर पडणारे पाणी पुष्कळ बरे असते, पण धातू नाहीसा झालेला नसतो. तो गाळात गोळा झालेला असतो. सेप्टिक टँकचा मैला उपसून नेणाऱ्या गाडीतल्या गाळालाही हेच लागू.

तो गाळ शेतात घालावा का, हे धातूवर ठरते. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये शहरी कंपोस्टची मोजपट्टी दिली आहे: किलोला कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसे १००, निकेल ५०, आर्सेनिक १०, पारा ०.१५, जस्त १००० आणि तांबे ३०० मिलिग्रॅमच्या आत. सेंद्रिय भाग म्हणून जमिनीला लाभणारा गाळ एका गलाईवाल्याच्या निळ्या पाण्याने या मोजपट्टीबाहेर जाऊ शकतो, आणि मग सगळ्या गावाचे खत वाया.

सार्वजनिक गटारात सोडायच्या पाण्याची मर्यादाही पाहण्यासारखी आहे. पर्यावरण संरक्षण नियमांत गटारासाठी शिशाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि नदीनाल्यात सोडण्यासाठी ०.१. पिण्याच्या पाण्याच्या तुलनेत पहिली शंभर पट, दुसरी दहा पट. पहिली सैल ठेवण्यामागे गृहीत हे की गटाराच्या शेवटी प्रकल्प आहे. जिथे नाली सरळ नदीला मिळते तिथे हे गृहीतच कोसळते.

धानाची विचित्र अडचण

नाल्याचे पाणी मोटार लावून बांधीत घेतले की धान त्या धातूंशी कसे वागते? इतर पिकांहून वेगळे. रोवणीपासून दाणा भरेपर्यंत बांधीत पाणी उभे असते. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू नसतो, तिथे नालीच्या तळासारखाच सल्फाइडचा खेळ चालतो आणि कॅडमियम अडकून पडते. त्याच वेळी चिखलातले लोखंडाचे ऑक्साइड विरघळते आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक सुटते. धानाला सिलिका भरपूर लागते, आणि सुटलेले आर्सेनिक रासायनिकदृष्ट्या सिलिकासारखे दिसते, म्हणून मुळे ते सिलिकाच्याच वाटेने आत घेतात. पाणी तोडले की उलटे घडते. चिखलाला हवा लागते, आर्सेनिक पुन्हा लोखंडाला चिकटते आणि कॅडमियम मोकळे होते. दाणा पक्व होताना बांधी सुकवतात, तेव्हाच ते वर चढते. एकाला आवरावे तर दुसरे सुटते. पाण्याच्या पाळ्या बदलून दोन्ही एकदम सांभाळणे अवघड. एकच खात्रीचा उपाय म्हणजे धातू बांधीपर्यंत येऊ न देणे.

याची जबर किंमत जपानने मोजली. तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्त-शिशाची खाण होती. तिच्या पाण्यातले कॅडमियम नदीतून धानाच्या शेतात गेले. उतारवयाच्या बायकांची हाडे ठिसूळ होऊन साध्या खोकल्यानेही मोडू लागली. त्या रोगाचे ‘इताई-इताई’ हे नाव दुखण्याच्या विव्हळण्यावरून पडले, आणि १९६८ साली सरकारने तो प्रदूषणामुळे झाला हे मान्य केले. गोंदियाची पांगोली म्हणजे जिंझू नव्हे. तिथे धातूची खाण होती, इथे दुकाने आणि छपरे आहेत. पण नदी, बांधी, दाणा, माणूस ही वाट तीच.

धातूचा सगळा दोष शहराला देणेही बरोबर नाही. गोंदियाच्या पूर्वेला छत्तीसगडात अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा परिसरात विहिरी-हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक सापडले, ते तिथल्या खडकातून आलेले आहे. फॉस्फेट खतांत अशुद्धी म्हणून कॅडमियम असते. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशात कणभर असलेले आर्सेनिक, पारा, शिसे कोळसा जळाल्यावर राखेत घट्ट होतात, म्हणून राखेची साठवण हा स्वतंत्र विषय आहे. शहराच्या नालीचा हिशेब या सगळ्यापासून वेगळा काढता आला पाहिजे.

उगम शोधायची रीत

तो काढता येतो. पाण्याची एक बाटली भरून उपयोग नाही, कारण बादली ओतली गेली ती वेळ तुम्ही चुकवलेली असते. गाळ मात्र कित्येक महिन्यांची नोंद ठेवतो. म्हणून नाल्याच्या तोंडापासून उलटे चालत जायचे आणि जिथे दोन नाल्या मिळतात तिथे तिन्ही बाजूंचा गाळ घ्यायचा. चमचा प्लास्टिकचा, धातूचा नको. वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर घ्यायचा, सुकवायचा आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायचा, कारण धातू बारीक कणांवर बसतो. मग आम्लात विरघळवून अणुशोषण यंत्रावर मोजायचे. नागपूरच्या नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थेत हे रोजचे काम आहे. पाण्याचा नमुनाही घ्यायचा असेल तर आम्लाने धुतलेल्या बाटलीत, आणि लगेच थोडे नत्राम्ल टाकून. नाहीतर धातू बाटलीच्या अंगालाच चिकटतो आणि अहवालात सगळे आलबेल दिसते.

तुलनेला गावाच्या वरच्या अंगाचा गाळ हवा. या भागातला खडक स्वतः धातू बाळगून आहे. भूशास्त्रात ‘आमगाव नाइस’ हे नाव याच जिल्ह्यातल्या आमगाववरून पडले. खडकाचे मूळ माप वजा केल्याशिवाय शहराने घातलेली भर कळत नाही.

आकडे आले की वाचायला फार कठीण नसतात. एका फाट्यावर एकटे शिसे उसळले आणि गाळ आम्लधर्मी असेल तर वरच्या गल्लीत बॅटरीचे काम आहे. तांब्यासोबत चांदी दिसली तर सराफा. निकेल आणि क्रोमियम जोडीने आले तर मुलाम्याची टाकी. जस्त सगळीकडे सारखे चढलेले असेल तर छपरे आणि टायर. त्यासाठी कुणाच्या दारावर जायची गरज नाही.

पकडायचे दारातच

धातू दुकानाच्या दारात असतो तेव्हा लिटरला काही ग्रॅम इतका दाट असतो आणि बादलीत मावतो. नदीत पोहोचेपर्यंत तो लाखो लिटरमध्ये पसरलेला असतो. म्हणून स्वस्त उपाय सगळे वरच्या टोकाला आहेत. बॅटरीच्या आम्लात चुना टाकला की शिसे मोठ्या प्रमाणात साका होऊन बसते. तो साका वाळवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला द्यायचा. निळ्या पाण्यात लोखंडाचा किस टाकला की तांबे लोखंडावर चढून परत मिळते, आणि तांब्याला भंगारात चांगला भाव आहे. धुलाई केंद्राला गाळ आणि तेल अडवणारा दोन खणांचा हौद पुरतो. राईस मिलच्या तुसाच्या राखेत सिलिका ठासून असते आणि ती धातू शोषते, हे प्रयोगांत दिसले आहे; पण धातू शोषलेली राख पुन्हा बांधीत गेली तर सारे मुसळ केरात, तिची वासलात आधी ठरवावी लागते.

नगर परिषदेच्या हातात एक गोष्ट आजही आहे. पावसाळ्याआधीच्या नालीसफाईत सराफा लाइन, बॅटरीची दुकाने आणि गॅरेजची गल्ली इथला गाळ वेगळ्या ट्रॉलीत भरायचा, त्याच दिवशी उचलायचा, खताच्या ढिगात मिसळू द्यायचा नाही आणि त्याचा नमुना तपासायला पाठवायचा. कामगार तेच, फावडी तीच, खर्चात भर पडते ती एका ट्रॉलीची आणि तपासणीच्या फीची. दोन-तीन वर्षांचे आकडे हाती आले की कुठल्या गल्लीत हौद हवा आणि कुठे आम्ल गोळा करायचा ड्रम, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. मोठा प्रकल्प उभा राहायला वर्षे जातात. त्याचा गाळ शेतकऱ्याने निर्धास्त घ्यावा अशी इच्छा असेल तर दुकानाच्या दारातले हे काम प्रकल्पाच्या आधी व्हायला हवे.